प्रिंटमधला काळा काळाच यायला हवा असेल तर (ठाण्याच्या उकाड्यात)

फिल्मवरचे कृष्णधवल फोटो मी घरीच, बाथरूमची डार्करूम करून छापतो. पहिलं वर्षभर माझ्या प्रिंट्समध्ये काळा असा नव्हताच, होता तो ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर उरतो तसला राखाडी. ठाणे स्टेशनच्या पुलावरून भर पावसात काढलेला एक फोटो आहे, खाली नुसत्या काळ्या छत्र्या, आणि प्रिंटमध्ये त्या सगळ्या विटून गेलेल्या. आधी पेपरला शिव्या घातल्या, मग फिल्टर (छापताना उजेडाच्या वाटेत लावायची रंगीत पट्टी, नंबर मोठा तसा काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त) वाढवत ४ पर्यंत गेलो, छत्र्या जरा सुधारल्या पण चेहरे खडूसारखे पांढरे. चूक भलतीच होती, मी प्रिंट डेव्हलपरमधून (पेपरवर चित्र उमटवणारं रसायन) लवकर उचलत होतो.

आपल्याकडे हे जास्त का होतं बघा. बाटलीवर लिहिलेली वेळ २० डिग्रीची असते आणि नौपाड्यात आमच्या बाथरूममध्ये मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी माझ्या थर्मामीटरवर ३२ दाखवतं. एवढ्या गरम डेव्हलपरमध्ये इमेज धावत येते, त्यात लाल दिव्याखाली ती आहे त्याहून गडद दिसते, मग आपण घाबरतो की अरे गेला, काळा पडला, आणि चिमट्याने उचलून थेट स्टॉप बाथमध्ये, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणात. हा काळा म्हणजे कच्चा भात, वरून झालेला दिसतो फक्त.

म्हणून एकच नियम पाळा, प्रिंट गडद येतेय तर एनलार्जरवरचा (निगेटिव्हमधून पेपरवर उजेड पाडणारं यंत्र) वेळ कमी करा, डेव्हलपरच्या ट्रेमधला नाही. आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) पेपरला किमान १ मिनिट, फायबरला (साध्या कागदाच्या पेपरला) २ ते ३ मिनिटं, घड्याळ बघायचं, प्रिंटकडे नाही. परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात ट्रे ठेवा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो (टाकलाय मी, म्हणून सांगतो). मे मध्ये २४ पर्यंत आलं तरी मी खूश असतो. उगाच फार गारही नको, १२-१३ च्या खाली त्यातलं हायड्रोक्विनोन (गडद काळा देणारा घटक) जवळपास झोपतं आणि काळा परत फिका. आणि डेव्हलपर कोऱ्या चहासारखा तपकिरी झाला असेल तर सरळ ओतून द्या, कंजुषी नको.

आता आपला पेपर मुळात किती काळा होऊ शकतो हे एकदा बघून घ्या. पेपरची एक पट्टी कापा, बाथरूमचा पांढरा दिवा लावून तिच्यावर चांगला उजेड पडू द्या (बाकीचं पाकीट आधी बंद करा हां), मग पूर्ण वेळ डेव्हलप, फिक्स (उजेडात पेपर पुढे बदलू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बुडवणं), धुवा, वाळवा. याच्यापुढे तो पेपर जात नाही, ग्लॉसीचा काळा खोल असतो, मॅटचा कमीच, त्याला इलाज नाही. ही पट्टी माझ्या बाथरूमच्या टाइल्सवर चिकटवलेली आहे, वाळलेली प्रिंट शेजारी धरली की खरं-खोटं लगेच कळतं. ओल्या प्रिंटवर मात्र विश्वास ठेवू नका, ओला काळा नेहमी छान दिसतो.

पुढची पायरी, निगेटिव्हची कोरी कड कॅरिअरमध्ये (एनलार्जरमधली निगेटिव्हची चौकट) लावा, जिथे फोटो नाही अशी, ग्रेड २ चा फिल्टर, आणि २-२ सेकंदांनी टेस्ट स्ट्रिप (एकाच कागदावर शेजारी शेजारी पट्टे, प्रत्येकाला आधीच्यापेक्षा जास्त उजेड). ज्या पट्ट्यानंतर पुढचा पट्टा आणखी काळा होत नाही तो पूर्ण काळ्यासाठी तुमचा कमीत कमी वेळ. तो वहीत लिहा, एनलार्जरच्या त्या उंचीला आणि त्या अ‍ॅपर्चरलाच तो चालतो. मग त्याच वेळेला खरा फोटो छापा. चेहरे आणि आभाळ मळकट आलं तर फिल्टर वर न्या, पांढरंफटक आलं तर खाली. इलफर्ड कंपनीच्या फिल्टर्समध्ये ४ पासून पुढे वेळ दुप्पट लागतो, हे विसरलात की काळा परत गायब. माझ्या छत्र्या शेवटी ३ वर बसल्या.

एवढं करूनही जमत नसेल तर पांढऱ्याकडे बघा. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तशी एनलार्जरच्या लेन्सलाही येते, मग उजेड पसरतो, पांढरा भाग मळतो, तो वाचवायला आपण वेळ कमी करतो आणि मार खातो तो काळा. जुना पेपर आणि जास्त तेज सेफलाइट (तोच लाल दिवा) अगदी हेच करतात. सेफलाइट तपासायला पेपरला एनलार्जरखाली आधी फिका राखाडी येईल एवढाच उजेड द्या, मग त्यावर रुपयाचं नाणं ठेवून लाल दिव्यात ५-७ मिनिटं पडू द्या, डेव्हलप केल्यावर नाण्याचा गोल उमटला की दिवा लांब न्या.

सेलेनियम टोनरने (तयार प्रिंटला शेवटी द्यायचं रसायन) काळा अजून थोडा दाबून बसतो, पण थोडाच, फिका काळा त्याने वाचत नाही. प्रिंट नीट फिक्स आणि धुतलेली हवी नाहीतर डाग पडतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, विषारी आहे ते, आणि स्वयंपाकघरातली परात टोनरसाठी अजिबात वापरू नका, बर्फासाठी नेली होती तेव्हाच आईने दोन दिवस अबोला धरला होता.