जुन्या सर्व्हरचं बायोस अपडेट करायच्या आधी

जमलं तर मिरग लागायच्या आधी उरकून घ्या, पावसात याला हात लावू नका. आमच्या किनारपट्टीला जूनपासून लाईट कधी जाईल नेम नाही आणि बायोस, म्हणजे सर्व्हर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, लिहिताना लाईट गेली की मदरबोर्ड मेलाच समजा. यूपीएस हवाच, पण नुसता आहे म्हणून चालत नाही, सर्व्हर चालू ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करा आणि किती टिकतो ते बघा. पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्ही यूपीएसवर.

आता मुख्य. बायोसच्या चिपमध्ये आत्ता जे आहे त्याची पूर्ण कॉपी काढा. मागच्या खेपेला माझी हीच राहिली. फाईल डाउनलोड केलीय ना मग कॉपी कशाला, असं वाटतं, पण कंपनीच्या फाईलमध्ये बऱ्याचदा फक्त बायोसचा भाग असतो, चिपमध्ये मात्र मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचं वेगळं फर्मवेअर), मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर), सिरीयल नंबर असं फक्त त्याच बोर्डाचं काहीबाही असतं आणि ते एकदा पुसलं की कुठल्याच साइटवर मिळत नाही. आठ पायांची ३.३ व्होल्टची चिप असेल तर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं यूएसबीचं छोटं यंत्र) आणि चिपच्या पायांना पकडणारी क्लिप पुरते, फक्त तो स्वस्तातला काळा प्रोग्रामर डेटा लाईनवर ५ व्होल्ट देतो, तो तसाच लावू नका. चौकोनी ३२ पायांची चिप असली तर हा प्रोग्रामर चालतच नाही, दुसरा लागतो. दोन्ही पॉवर केबल काढा, बोर्डावरचा बटण सेलही काढा, मगच क्लिप लावा. खाऱ्या वाऱ्याने चिपचे पाय हिरवे पडलेले असतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर क्लिप नीट टेकत नाही आणि वाचलेला डेटा चुकीचा येतो. म्हणून फ्लॅशरॉम या प्रोग्रामने दोनदा वाचा, दोन्ही फाईल्सचा चेकसम (फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला तरच ती कॉपी. नाही जुळला तर परत वाचा. आणि ती कॉपी त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवू नका हो, बोर्ड गेला तर काढणार कुठून? पेनड्राइव्हवर एक, घरच्या लॅपटॉपवर एक.

फाईल बोर्डावर ज्या कंपनीचं लेबल आहे तिचीच घ्या, बोर्ड मूळचा टायन किंवा सुपरमायक्रो अशा दुसऱ्या कंपनीने बनवलेला दिसला तरी. शोधायला वेळ लागेल, एचपीने तर २०१४ पासून प्रोलायंट सर्व्हरच्या बायोस फाईल्स वॉरंटी किंवा सपोर्ट कॉन्ट्रॅक्टमागे टाकल्यात. इंटेलचा झिऑन ५५०० प्रोसेसर काढून सहा कोरवाला ५६०० बसवायचा म्हणून अपडेट करत असाल तर बोर्डावर छापलेली रिव्हिजन (बोर्डाची आवृत्ती) आधी वाचा, काही पहिल्या रिव्हिजन नवं बायोस टाकूनही तो प्रोसेसर घेत नाहीत, मग सगळा खटाटोप फुकट. मधली व्हर्जन आधी टाकायला सांगितली असेल तर तीच आधी, उडी मारू नका.

कॉपी झाली? चेकसम जुळला? नसेल तर इथेच थांबा.

बायोसच्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढा, रेड मोडचा (अनेक डिस्क एकत्र चालवायची सेटिंग) तर नक्की, अपडेटनंतर डिफॉल्ट लोड झालं की तो बदलतो आणि डिस्क दिसेनाशा होतात. सेल नवा टाका, सीआर२०३२. जादाची कार्डं काढा. फ्रीडॉसचा (डॉससारखी फुकट सिस्टीम) बूट होणारा पेनड्राइव्ह, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. अपडेटची कमांड द्या आणि पूर्ण होईपर्यंत कीबोर्डला हात नाही. मग सेटिंगमध्ये डिफॉल्ट लोड करा आणि रेड, तारीख, बूट ऑर्डर फोटो बघून परत लावा. पहिल्या बूटला स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, घाबरून पॉवर काढू नका.