गेम कंपनीला मागणी कशी कळवावी: ‘वदिर्‌भ वाघ’ची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडच्या एका गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी चार्जिंगची पिन बदलायला आलेली पोट्टी काम झाल्यावरही बाकावरून उठत नाहीत. मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकानं फोन माझ्यापुढं धरला. “भाऊ, हे पाहा ना. आमच्या टीमचं नाव काऊन असं दिसते?”

त्यांनी लिहिलं होतं ‘विदर्भ वाघ’. गेममध्ये दिसत होतं ‘वदिर्‌भ वाघ’.

“कंपनीले लिहिलं का?”

“चार खेपा लिहिलं. ‘प्लीज ॲड मराठी’ म्हणून. त्यायले आपली गरजच नाही, भाऊ.”

मी हसलो नाही. पाचेक वर्षांपूर्वी मीही एका कंपनीला सगळी कॅपिटल अक्षरं आणि डझनभर उद्गारचिन्हं टाकून गेमची हलकी आवृत्ती मागितली होती. उत्तर आलं नाही. आज तो मजकूर माझ्यासमोर आला तर मीही उत्तर देणार नाही. नंतर बऱ्याच कंपन्यांना लिहिलं, काहींची उत्तरं आली, आणि त्यातून जी रीत जमली ती इथं सांगतो.

आधी ठरवा: बिघाड, तक्रार की मागणी

कंपनीत या तीन गोष्टी तीन वेगळ्या टेबलांवर जातात. चुकीच्या टेबलावर पडलेला कागद तिथंच राहतो. तहसीलमध्ये एकदा चक्कर मारलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

गेम जसा चालायला हवा तसा चालत नसेल तर तो बिघाड. गेम नीट चालतो, पण तुम्हाला त्यात आणखी काही हवं आहे, ही मागणी. पैसे कापले गेले आणि वस्तू मिळाली नाही, खातं बंद झालं, ही तक्रार. तक्रारीसाठी अनेक गेमच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या अधिकाऱ्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा असतो. पण नवीन नकाशा हवा म्हणून त्याला लिहू नका. तलाठ्याकडे लग्नपत्रिका छापायला नेण्यासारखं आहे ते.

आता ‘विदर्भ वाघ’ घ्या. पोट्ट्यांनी मराठी मागितली, म्हणजे अख्ख्या गेमचं भाषांतर मागितलं. हजारो वाक्यं, ती तपासायला माणसं, आणि प्रत्येक अपडेटला पुन्हा तेच काम. कंपनी एवढा खर्च एका ओळीच्या विनंतीवर करत नाही. पण मोडलं काय होतं? फक्त नाव दाखवणं.

संगणकात ‘वि’ साठवताना आधी व आणि मग वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर दाखवताना ती वेलांटी उचलून व च्या डावीकडे बसवावी लागते, आणि ‘र्भ’मधला र रफार करून भ च्या डोक्यावर चढवावा लागतो. ही फिरवाफिरव करणारा भाग गेममध्ये नसला की वेलांटी व च्या मागंच राहते आणि वाचणाऱ्याला पुढच्या द ची वाटते. खूपसे मोबाईल गेम युनिटी नावाच्या इंजिनावर, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, बनतात. तिथं अक्षरांसाठी सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेश प्रो देवनागरीसाठी हे काम आपणहून करत नाही. गोडो नावाच्या मोफत इंजिनाच्या २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आतच आहे. म्हणजे हे होण्यासारखं काम आहे.

आणि महत्त्वाचं म्हणजे हा बिघाड फक्त मराठीचा नाही. हिंदीतही वेलांटी किंवा रफार असलेलं नाव असंच मोडतं. कंपनीचे कान इथं टवकारतात. मागणी लिहिण्याआधी स्वतःला विचारा, हे दुखणं माझ्यासोबत आणखी कोणाकोणाचं आहे?

सेटिंग एकदा उलथून पाहा

दुकानात येणाऱ्या निम्म्या मागण्या इथंच संपतात. ग्राफिक्स कमी करणं, नकाशे वेगळे डाउनलोड करणं, आवाजाचे पॅक काढून जागा मोकळी करणं, बरंच काही आधीच दिलेलं असतं. आपण पाहिलेलं नसतं एवढंच.

दार शोधणं

पहिलं दार गेमच्या आतच असतं. सेटिंगमध्ये खाली मदत किंवा सपोर्ट असं काहीतरी, बऱ्याचदा हेडफोनचं चिन्ह. इथून लिहिलं की तुमचा खेळाडू क्रमांक आणि फोनची माहिती बहुधा आपोआप सोबत जाते. म्हणून शक्यतो इथूनच लिहा.

दुसरं दार प्ले स्टोअरचं. गेमचं पान उघडून खाली गेलात की ‘ॲप सपोर्ट’ दिसतं, त्यात कंपनीचा ईमेल असतो. त्याच पानावर कधीकधी बीटात, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेल्या आवृत्तीत, सामील होण्याचा पर्यायही दिसतो. तो घेतला तर नवी आवृत्ती आधी मिळते आणि तुमचा अभिप्राय चारचौघांत न दिसता थेट बनवणाऱ्यांकडे जातो. माझ्या मते हे सगळ्यात चांगलं दार आहे आणि सगळ्यात कमी लोक ते वाजवतात. फक्त बीटा आवृत्ती मध्येच बंद पडू शकते, तेव्हा उद्या टूर्नामेंट असेल तर आज बीटा घेऊ नका.

काही कंपन्यांनी सूचनांसाठी वेगळी जागा ठेवली आहे. माइनक्राफ्ट या गेमची आहे, तिथं एका वेळी एकच कल्पना लिहायची, आधी कोणी लिहिली असेल तर तिलाच मत द्यायचं. बिघाडांची नोंदवही मात्र निराळी.

कंपनी कुठली आहे तेही पाहून ठेवा. लुडो किंग मुंबईच्या गेमशनचा, इंडस पुण्याच्या सुपरगेमिंगचा. अशा ठिकाणी ‘तान्हा पोळ्याला लाकडी बैलाची सजावट द्या’ असं लिहिलंत तर तान्हा पोळा म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, हे अर्ध्या ओळीत भागतं. परदेशी कंपनीला पोळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

एक इशारा, आणि तो मी दुकानाच्या भिंतीवरही लावला आहे. गेमच्या नावापुढं ‘कस्टमर केअर नंबर’ लिहून शोधू नका. मोठे गेम सहसा फोनवर बोलतच नाहीत. असा जो नंबर सापडतो तो बहुतेक वेळा भामट्याचा. गेल्या वर्षी एका पोट्ट्यानं असाच फोन केला. समोरच्यानं ‘आयडी तपासायला’ म्हणून ओटीपी मागितला आणि बापाच्या खात्यातून खताचे पैसे गेले. कंपनीला सूचना द्यायला ओटीपी, पासवर्ड, यूपीआय पिन यातलं काहीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पत्र लिहिताना: वस्तू मागू नका, नड सांगा

आमच्याकडच्या एका सालदाराच्या मुलाला फार्मिंग सिम्युलेटर या शेतीच्या गेमचं वेड आहे. स्वित्झर्लंडची जायंट्स सॉफ्टवेअर कंपनी तो बनवते. २०१८ सालच्या आवृत्तीपासून त्यात कापूस आहे. तिथं कापूस वेचायला खोलीएवढं यंत्र येतं आणि मागून गठ्ठा टाकून पुढं जातं. इकडे वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून त्याची आई दिवाळीतही वावरात असते. तरी तो खेळतो, आवडीनं खेळतो. २०२४ च्या आवृत्तीत भात आला, म्हशी आल्या. याला हवी तूर.

“लिहू का भाऊ, ‘तूर टाका’ म्हणून?”

मी विचारलं, तूर कायले पाहिजे? सोयाबीन आहे, कापूस आहे.

तो म्हणाला, “आपल्याकडं तूर एकटी कुठं राह्यते? पऱ्हाटीच्या (कापसाच्या) इतक्या ओळीनंतर तुरीची एक ओळ. गेममधी एका वावरात एकच पीक येते, हेच तं चुकते.”

हीच खरी मागणी होती. तूर ही वस्तू झाली. एकाच शेतात दोन पिकं ओळीनं घेता यावीत ही नड. झुरिचजवळ बसलेल्या माणसाला तूर माहीत नसेल, पण आंतरपीक जगभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. नड कळली की ती कशी भागवायची ते कंपनी ठरवेल. कदाचित तुमच्या डोक्यात नसलेला सोपा मार्ग त्यांच्याकडे असेल.

पत्रात एकच विषय. पाच मागण्या घातल्या की पाचही बुडतात. ‘विदर्भ वाघ’साठी आम्ही दुकानात बसून लिहिलेला मजकूर असा होता:

“विषय: टीमचं नाव देवनागरीत लिहिल्यास वेलांटी आणि रफार चुकीच्या जागी दिसतात.

आम्ही पाच जण महाराष्ट्रातल्या एका गावातून तुमचा गेम दोन वर्षांपासून खेळतो. टीमचं नाव ‘विदर्भ वाघ’ लिहिल्यावर पडद्यावर ते वेगळंच दिसतं. पहिल्या चित्रात आम्ही काय टाइप केलं ते आहे, दुसऱ्यात गेमनं काय दाखवलं ते. हिंदीतलं ‘शक्ति’ लिहूनही पाहिलं, तेही मोडतं. तीन वेगळ्या कंपन्यांच्या फोनवर असंच होतं. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि गेमची आवृत्ती खाली दिली आहे. चॅटमध्ये हेच शब्द बरोबर दिसतात, फक्त टीमच्या नावात चुकतात.”

शेवटचं वाक्य पोट्ट्यांनी शोधलं आणि तेच सर्वात मोलाचं. चॅटमध्ये बरोबर दिसतं म्हणजे गेममध्ये कुठंतरी ती सोय आहेच. दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा शोध तिथं संपतो. माझ्या धंद्यातही तसंच आहे. ‘फोन बिघडला’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘चार्जिंगला लावल्यावरच आवाज जाते’ म्हणणारं गिऱ्हाईक मला जास्त आवडतं.

नेटवर्कचंही तसंच लिहा. ‘लॅग मारते’, म्हणजे गेम अडखळतो, एवढ्यातून काही कळत नाही. कोणतं नेटवर्क, किती वाजता, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कुठून कुठं गेला, दुसऱ्या सिमवर काय होतं, हे चार दिवस वहीत टिपा आणि मग पाठवा. पडद्याचं रेकॉर्डिंग जोडत असाल तर वीस-तीस सेकंदांचं पुरे. त्यात वरून बँकेचे मेसेज दिसत नाहीत ना, ते पाहून घ्या.

भाषा

परदेशी कंपनीला इंग्रजीत. इंग्रजी कच्चं असलं तरी बिघडत नाही. मराठीत छोटी, सरळ वाक्यं लिहा आणि भाषांतराच्या ॲपमधून काढा. ‘डोक्याला ताप झाला’ लिहाल तर ॲप तुम्हाला आजारी पाडेल. शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना एकदा दाखवलंत तर उत्तम. आमच्या मॅडमनी तर आमच्या मजकुरातली दोन ‘प्लीज’ खोडली आणि एक ‘रिस्पेक्टेड सर’.

शिव्या, धमक्या, ‘गेम अनइन्स्टॉल करीन’ हे सगळं वगळा. वाचणारा पगारी माणूस असतो, दिवसभर हेच वाचत असतो.

प्ले स्टोअरवर लिहायचं तर

तिथं ५०० अक्षरांत आटोपावं लागतं, आणि कंपनीला उत्तर द्यायला ३५०. म्हणून पहिल्याच वाक्यात नड सांगा. एक मागणी पुरी झाली नाही म्हणून एकच तारा देणं मला पटत नाही. गेम आवडतो म्हणूनच तर मागताय. जेवढे तारे मनात आहेत तेवढे द्या.

गावातल्या वीस जणांनी एकच मजकूर चिकटवून पाठवला तर तो कचरा समजला जाण्याची शक्यता जास्त. वीस जणांनी आपापल्या फोनवर काय होतं ते आपापल्या शब्दांत लिहिलं तर ते वीस पुरावे होतात.

पाठवल्यानंतर

पहिलं उत्तर बहुतेक ठरीव साच्यातलं येतं, ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं. नाराज होऊ नका. त्यातला तिकीट क्रमांक, म्हणजे आपल्या पत्राचा नोंद क्रमांक, वहीत उतरवा. मोठं अपडेट आलं की फरक पडला का ते तपासा, आणि नसेल तर त्याच क्रमांकावर दोन ओळी लिहा. रोज विचारायची गरज नाही.

काही कंपन्या बाहेरच्या कल्पना घेतच नाहीत. जपानची गेम कंपनी निन्टेंडो तसं उघड सांगते. उद्या तसाच गेम निघाला आणि कोणी ‘ही माझी कल्पना’ म्हणत कोर्टात गेलं तर, ही भीती त्यामागं असते. उलट बाजूनं, अनेक कंपन्यांच्या अटींत तुम्ही पाठवलेली सूचना त्या फुकट वापरू शकतील असं लिहिलेलं असतं. तुमच्या डोक्यात अख्ख्या गेमची गोष्ट असेल आणि ती पुढं स्वतः बनवायची असेल, तर ती पत्रात ओतू नका.

आणि कंपनीची वाट पाहायचीच नसेल तर हात घालायलाही जागा आहे. फार्मिंग सिम्युलेटरच्या संगणकावरच्या आवृत्तीत लोक स्वतः बनवलेले भाग जोडतात. त्यासाठीचा एडिटर कंपनीच मोफत देते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचं भाषांतर क्राउडइन या भाषांतराच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. २०२४ मध्ये माइनटेस्टचं नाव बदलून लुआंटी झालेलं गेमचं इंजिन तर पूर्ण खुलं आहे, त्याची वाक्यं वेबलेट या तशाच संकेतस्थळावर बसून कोणीही आपल्या भाषेत लिहू शकतं. सालदाराच्या पोराकडे संगणक नाही, म्हणून रविवारी माझा वापरतो. दोन आठवड्यांत त्याला एडिटरमध्ये झाड उभं करता आलं. तुरीसारखं दिसत नाही अजून, पण ओळीत आहे.

‘विदर्भ वाघ’च्या पत्राला अकराव्या दिवशी उत्तर आलं. साच्यातलं नव्हतं. फोनमध्ये वेगळा फाँट टाकला आहे का असं विचारलं होतं, आणि आणखी दोन शब्द लिहून चित्र पाठवा म्हणून. पोट्ट्यांनी ‘आर्णी’ आणि ‘दिग्रस’ पाठवलं. पुढचं अपडेट अजून यायचं आहे, तोवर टीमचं नाव नुसतंच ‘वाघ’ ठेवलंय. त्यात वेलांटी नाही, रफारही नाही.