'व्हिगर' वापरताना या चुका टाळा

जोम, दम, तडफ या अर्थाच्या 'व्हिगर' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग बहुतेकांना नीट येतं. फसगत होते ती त्यापासून बनलेल्या शब्दांत. ब्रिटिश पद्धतीत नाम व्ही-आय-जी-ओ-यू-आर असं लिहितात. अमेरिकन पद्धतीत त्यातला 'यू' नसतो. पण विशेषण 'व्हिगरस' दोन्हीकडे एकच: व्ही-आय-जी-ओ-आर-ओ-यू-एस. तपासायचं असेल तर 'यू' मोजा. 'व्हिगरस'मध्ये एकच हवा, 'इन्व्हिगरेट'मध्ये एकही नको. कारण शेवटी लागणारे हे प्रत्यय लॅटिन वळणाचे आहेत आणि ते मूळ लॅटिन रूपालाच चिकटतात. 'ह्यूमरस' आणि 'ग्लॅमरस'मध्येही नामातला 'यू' असाच गळतो. 'कलरफुल'मध्ये मात्र तो टिकतो, कारण 'फुल' हा अस्सल इंग्रजी प्रत्यय.

स्पेलचेक बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढत असेल, तर आधी त्याची भाषा ब्रिटिश आहे की अमेरिकन ते पाहा.

उच्चारात 'व्हायगर' आणि 'व्हिजर' हे दोन्ही चूक. 'व्हिजिल'मध्ये 'जी'पुढे 'आय' आहे म्हणून 'ज' होतो. इथे पुढे 'ओ' आहे, म्हणून 'ग'च.

अर्थाची चूक जास्त महागात पडते. भौतिकशास्त्रात बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. 'व्हिगर'ला असं एकक नाही, त्यामुळे इंजिनाची ताकद सांगायला तो चालत नाही. प्रयोगाच्या कृतीत 'शेक व्हिगरसली' असेल तर 'ऊर्जेने हलवा' हे भाषांतर हास्यास्पद आहे. 'जोरजोराने हलवा' म्हणा. शेतीतल्या 'सीड व्हिगर'साठी 'बियाण्याचा जोम' हा शब्द रुळलेला आहे. तिथे 'उगवणक्षमता' लिहू नका. दोन वाणांची उगवण सारखीच भरली, तरी प्रतिकूल जमिनीत एकाची रोपं जोमदार आणि दुसऱ्याची रोगट निघू शकतात.

व्युत्पत्ती सांगताना 'व्ही-आय'वरून नातं जुळवायचा मोह होतो. 'व्हायटल' येतो जीवन या अर्थाच्या लॅटिन 'वीता'पासून, 'व्हिराइल' पुरुष या अर्थाच्या 'विर'पासून. 'व्हिगर'चं मूळ वेगळं: जोमात असणं या अर्थाचं 'विगेरे' हे लॅटिन क्रियापद. त्यातून 'विगोर' हे नाम झालं आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते 1300 च्या सुमारास इंग्रजीत आलं. त्याचे खरे भाऊबंद म्हणजे 'व्हिजिल', 'वेक', 'वॉच', आणि चक्क 'व्हेजिटेबल'सुद्धा! संस्कृत 'वाज' (बळ) आणि 'वज्र' हेही अभ्यासक याच कुळात धरतात.

'व्हिम अँड व्हिगर'मधलं 'व्हिम' हे 'व्हिगर'चं लघुरूप नव्हे. ते 19 व्या शतकात अमेरिकेत रूढ झालं आणि बळ या अर्थाच्या लॅटिन 'विस'च्या द्वितीयेच्या रूपावरून आलं, असं साधारणपणे मानतात.

वाक्यात याचं अनेकवचन करू नका. 'विथ ग्रेट व्हिगर' बरोबर, 'विथ मेनी व्हिगर्स' चूक. मागे 'अ' सहसा लागत नाही. पुढे 'दॅट'ने सुरू होणारं वर्णन असेल तर मात्र 'विथ अ व्हिगर दॅट…' चालतं.