कॅमेरा लागत नाही म्हणून लगेच स्विच बदलू नका

कॅमेरा बसवा, केबल ओढा, दोन्ही टोकं एकाच रंगक्रमाने क्रिम्प करा, १०० मीटरच्या पुढे जाऊ नका. एवढं तुम्हाला येतंच.

गोची पुढे आहे. केबल खोचली की पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) लगेच ४८ व्होल्ट सोडतो, असं सगळे धरून चालतात. सोडत नाही. आधी तो चाचपतो. २.७ ते १०.१ व्होल्टच्या दरम्यान दोन वेगळे व्होल्टेज देऊन किती करंट वाहतो ते बघतो. पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर असल्याचं दिसलं, तरच गाडी पुढे. मग १५.५ ते २०.५ व्होल्ट देऊन उपकरणाचा क्लास, म्हणजे त्याला किती वॅट लागतील ते ठरतं. मुख्य पुरवठा त्यानंतर. साध्या लॅपटॉपमध्ये तो रेझिस्टर नसतो, म्हणून तो त्याच पोर्टला लावला तरी जळत नाही.

मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. सावद्याजवळ केळी पिकवायच्या एका वखारीत कॅमेरा लागेना. रिकाम्या पोर्टवर मल्टिमीटर धरला, तर आकडा तीन, आठ, शून्य असा नाचतोय. पोर्ट गेला, असं ठणकावून सांगितलं आणि जळगावहून नवा स्विच आणला. त्यावरही तोच नाच. मालक म्हणाले, "भाऊ, आता काय भिंत बदलता का?"

दोष कॅमेऱ्याकडच्या कनेक्टरात होता. वखारीतली ओल आत शिरून पिनांवर हिरवी पुटं चढली होती. अशा ओलीतून पिनांमध्ये करंट झिरपतो. मग स्विचला रेझिस्टन्स १५ किलोओहमच्या खाली दिसतो आणि तो पुरवठा देतच नाही. टोक कापून नवा कनेक्टर मारला, कॅमेरा लागला.

म्हणून रिकाम्या पोर्टवर मीटर धरून निकाल देऊ नका. चालू असलेला दुसरा कॅमेरा दोन मीटरच्या तयार केबलने त्या पोर्टला लावा. लागला, तर स्विचला हात लावायचं कारण नाही. 'केबल लांब आहे म्हणून स्विच ओळखत नाही' हेही कुणी सांगितलं तर ऐकू नका; तारेचे दहा-वीस ओहम पंचवीस हजारांपुढे चिल्लर.

लांबी नडते ती लोड आल्यावर. दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे पेटले की रीस्टार्ट होत असेल, तर केबल सोलून तार खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे दीडपट, म्हणजे लोड आला की वाटेतच जास्त व्होल्टेज गळतो. ती केबल मी फुकटसुद्धा ओढत नाही.

स्विचचे एकूण वॅट मोजून घ्या. १५.४ वॅटचे आठ पोर्ट म्हणजे १२३ वॅट, आणि खोक्यावर बऱ्याचदा एकूण ६५च लिहिलेलं असतं, म्हणजे सगळ्या पोर्टना एकदम पूर्ण वीज मिळत नाही.

२४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारी वेगळी डबी) मात्र काहीच चाचपत नाही, थेट व्होल्टेज सोडतो. तो हाताशी पडलेला असेल तर आधी त्यावर मार्करने 'पॅसिव्ह २४ व्होल्ट' असं मोठ्ठं लिहून ठेवा.