गाडीतल्या कामासाठी प्रिंटर घेताना

परभणी जिल्ह्यात सेलू, मानवत, जिंतूर या पट्ट्यातल्या आठवडी बाजारांना आम्ही नवरा-बायको ईको कार्गो गाडी घेऊन जातो. मागे आडवी फळी टाकलीय, तिच्यावर लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर. सातबारा, पीकविम्याचा अर्ज, निराधारचे कागद, आधारची झेरॉक्स, फोटो, हे सगळं लोकांना तिथेच काढून देतो. बाजारात कुणाच्या दुकानातून वायर ओढायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हणून सगळं बॅटरीवर.

असंच काम सुरू करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, ताई, प्रिंटर कुठला घेऊ? मी आधी उलट विचारते, बॅटरी किती आहे?

माझा पहिला प्रिंटर लेझर होता. घरी छान चालायचा. गाडीत पहिली प्रिंट दिली आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. लेझरमध्ये पावडर कागदावर वितळवून चिकटवतात, त्यासाठी आतला रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. तापताना तो काही सेकंद आठशे-हजार वॉटपर्यंत ओढतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एवढं काढायचं म्हणजे ८०-९० अँपिअर झाले. स्वस्त इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. लेझरची छपाई पक्की असते, पाण्याने पसरत नाही, हे खरं. घरी भरवशाची लाइट असेल तर तो घरी ठेवा. गाडीत नको.

शाईचा प्रिंटर छापताना दहा-वीस वॉटवर भागवतो. आमचा हिशोब सांगते. बॅटरी १०० एएचची (अँपिअर-तास), सीलबंद. घरातली पाणी भरायची ट्युब्युलर गाडीत ठेवू नका, खड्ड्यात ॲसिड उसळतं. बारा गुणिले शंभर म्हणजे १२०० वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर बसते. सहा तासांच्या बाजाराला लॅपटॉप २७०, पंखा १२०, प्रिंटर ६०, इन्व्हर्टर स्वतः खातो ते ६०. एकूण ५१०. सहाशेत बसतं. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचाच घ्या, म्हणजे घरच्या लाइटसारखी सरळ वीज देणारा.

बॅटरी आतच असलेले छोटे पोर्टेबल प्रिंटर मिळतात, वजन दोन किलोच्या आसपास. दिवसाला आठ-दहा पानं असतील तर चांगले. पण त्यांची काडतुसं, म्हणजे शाईच्या डब्या, लहान, शाई महाग पडते, आणि बहुतेकांना स्कॅनर नसतो. आमच्याकडे निम्मं काम झेरॉक्सचं. खरीप पीकविम्याची मुदत जवळ आली की रांग गाडीला वळसा घालून जाते, तिथे काडतूस पुरत नाही. थर्मल, म्हणजे उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापणारेही येतात, त्यांना शाईच लागत नाही. पण तो कागद उन्हात बंद गाडीत काळवंडतो आणि ठेवून ठेवून पुसट होतो. सरकारी कामाला तो देऊ नका.

म्हणून टाकीवाला इंकजेट, म्हणजे बाटलीने शाई भरायचा शाईचा प्रिंटर, वर झेरॉक्सची काच असलेला. आता त्यातला कुठला घ्यायचा, इथे माझं सगळ्यात जास्त म्हणणं आहे.

मागे एका पावसाळ्यात एका आजींचा निराधारचा अर्ज मी छापून दिला. आजींनी तो पदराखाली धरून नेला, तरी वाटेत भिजला. नाव, खाते नंबर सगळं निळसर पसरलं. वाचता येईना म्हणून अर्ज परत आला. नऊ किलोमीटर चालत त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. चूक माझ्या शाईची होती. रंगाच्या शाया दोन जातींच्या असतात. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पिगमेंट म्हणजे बारीक कण. वाळल्यावर पिगमेंट पाण्याने फारसा हलत नाही. बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, काहींत चारही डाय असतात. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. आपला एक अर्ज पेनड्राइव्हवर न्या, काळ्या अक्षरांत छापून घ्या, दहा मिनिटं थांबा आणि ओल्या बोटाने घासा. अक्षर पसरलं तर तो प्रिंटर तिथेच सोडा.

दुकानात अजून दोन गोष्टी बघा. कागद कुठून जातो? मागून उभा लावायचा असेल तर वरून धूळ थेट आत पडते. आमच्याकडे काळ्या मातीचा फुफाटा आणि कापसाच्या दिवसांत हवेत उडणारी रुई, दोन्ही रोलरला चिकटतात आणि कागद घसरायला लागतो. खालच्या ट्रेमध्ये कागद झाकलेला राहतो. पण फोटोच्या जाड कागदाला मागचाच सरळ मार्ग बरा. मी मागून जाणारा घेतला, काम नसताना वर कापड टाकते, निघताना कागद काढून ठेवते आणि पंधरा दिवसांनी ओलसर कापडाने रोलर पुसते. दुसरं म्हणजे, त्याची काळी शाई तालुक्याला मिळते का हे आधी विचारा. बाटली परभणीहूनच आणावी लागली तर बाजाराचा दिवस वाया जातो.

घेतल्यावर हाताळायची पद्धत मात्र मोडू नका. बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा, आतला आवाज थांबू द्या, मग इन्व्हर्टर बंद करा. बटणाने बंद केला की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, बाजूला जाऊन त्याच्यावर टोपी बसते. थेट वीज तोडली तर ते उघडं राहतं, आणि एप्रिलच्या उन्हात गाडीत उघडं हेड किती लवकर सुकतं ते मी बघितलंय. सुट्टीतही दोन-तीन दिवसांनी चारही रंगांचं एक पान काढा. नोझल चेकमध्ये, म्हणजे हेडची बारीक छिद्रं तपासायच्या पानावर, रेषा तुटल्या तर दोनदा हेडचं क्लीनिंग करा, मग रात्रभर सोडा. दहा-दहा वेळा करत बसलात तर शाई जाते आणि टाकाऊ शाईचा स्पंजही भरतो.

प्रवासात टाकी आडवी होता कामा नये. आम्ही सुताराकडून प्रिंटरच्या मापाचा, तळाला फोम असलेला लाकडी खोका करून घेतला आणि पट्ट्याने फळीला बांधला. शाई खुणेच्या वर भरत नाही.

पावसाळ्यात कागदाचा रिम झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवते. सर्दावलेला कागद एकावर एक चिकटून जातो.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आम्ही चार दिवस तळ ठोकून असतो. घोड्या-गाढवांच्या बाजारात लाइटचा पत्ता नसतो. तेव्हा मात्र दुसरी बॅटरी सोबत घेते, एक बाजाराबाहेर चार्ज होते तेव्हा दुसरीवर काम, आणि काळ्या शाईच्या दोन बाटल्या जास्तीच्या.