सनपॅकवर छापताय? शाईआधी शीट तपासा

मी सांगलीत स्क्रीन प्रिंटिंग करतो. जून जवळ आला की क्लासवाल्यांचे बोर्ड सुरू होतात, खांबाला तारेने बांधायचे, पोकळ नळ्यांच्या प्लॅस्टिकचे. आपल्याकडे त्याला सगळे सनपॅकच म्हणतात. धंद्यात नवा होतो तेव्हा असे दोनशे बोर्ड मी स्टिकरच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी इंकने मारले. दिसायला झकास. गिऱ्हाइकाने उचलताना सहज नख लावलं आणि ‘दहावी’तला ‘द’ पोपडा होऊन हातात आला. सगळं काम पदरमोड करून परत छापलं.

पीव्हीसी इंकमधलं सॉल्व्हंट पीव्हीसीला किंचित विरघळवतं, म्हणून शाई त्यात रुतते. सनपॅक असतं पॉलिप्रॉपिलीनचं. ते त्या सॉल्व्हंटला दाद देत नाही, आणि त्याच्यावर शाई धड पसरतही नाही. कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होऊ बघते. यावर उपाय म्हणून कारखान्यातच शीटवर कोरोना ट्रीटमेंट करतात, म्हणजे विजेच्या झोताखालून काढतात. तिचा जोर डाइनमध्ये मोजतात. कोरं पॉलिप्रॉपिलीन साधारण ३० डाइनचं, छपाईला किमान ३८ तरी हवेत. मी ४० च्या खाली हात घालत नाही.

डाइन पेन मिळतं, ठरावीक डाइनचं द्रव भरलेलं, ते घ्याच. ३८ च्या पेनाने रेघ ओढा. दोन सेकंद रेघ अखंड राहिली तर शीट चालेल. थेंब थेंब झाले तर कोणतीही महागडी इंक तुम्हाला वाचवणार नाही. दोन्ही बाजू तपासा, कारण कधी कधी एकाच बाजूला ट्रीटमेंट असते. ती महिन्यांगणिक उतरतेही, म्हणून गोदामात पडून असलेला स्वस्त माल दिसला तर पेन खिशात ठेवूनच जा. आणि छापायच्या जागी हात फिरवू नका, घामाचे डाग छपाईत उठतात.

आता शाई. दुकानात ‘प्लॅस्टिकसाठी’ एवढंच म्हणू नका, ‘पॉलिप्रॉपिलीनसाठी’ असं स्पष्ट मागा. हाताने काम करणाऱ्याला सॉल्व्हंटची एक-घटक, म्हणजे दुसरं काही न कालवता वापरायची, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) इंक पुरते. जिच्यातून शाई शीटवर उतरते ती जाळी सेंटीमीटरला १०० ते १२० धाग्यांची, आणि जाळीवर अक्षरांचा साचा धरणारं इमल्शन सॉल्व्हंट सोसणारं. एप्रिलच्या उन्हात इंक जाळीतच सुकते, तेव्हा थोडं रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव, घाला. पावसाळ्यात उलट, सुकायला वेळ लागतो. रिटार्डरचा डबा तेव्हा माळ्यावर. हार्डनर, म्हणजे शाई कडक करणारं द्रव, मिसळायची दोन-घटक इंक चिवट खरी, पण कालवली की त्याच दिवशी संपवावी लागते. महिनाभर टांगायच्या बोर्डाला ती कशाला? यूव्ही इंक दिव्याखाली झटकन सुकते, मोठ्या ऑर्डरींना उत्तम, पण त्यासाठी यंत्र हवं, जाळी आणखी बारीक हवी, आणि लवचीक जातीचीच इंक घ्यावी. कडक इंक वाऱ्यात बोर्ड वाकला की तडकते.

रंगांचं म्हणाल तर काळा, निळा, पांढरा भरवशाचे. स्वस्तातले लाल-पिवळे उन्हात लवकर उडतात, फ्लोरोसंट तर सगळ्यांत आधी. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो, ‘बोर्ड किती दिवस टांगायचाय?’ ॲडमिशनपुरता असेल तर फ्लोरोसंट खुशाल मारा. दुकानाचा कायमचा असेल तर बाहेर टिकणारा लाल घ्या, डब्याचे दोन पैसे जास्त गेले तरी. पिवळ्या शीटवर पातळ लाल नारिंगी दिसतो. तिथे दाट, अपारदर्शक जातीचाच हवा.

ऑर्डर सुरू करण्याआधी दोन शीट मारून २४ तास रॅकवर ठेवा. मग ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा पाडून चौकटी करा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर चौकटी आल्या तर काम थांबवा. आणि एक कोपरा वाकवूनही बघा, पट्टीला तडे कळत नाहीत. हाताला कोरडी लागली म्हणून लगेच थप्पी लावू नका. खालच्या शीटची छपाई वरच्या शीटच्या पाठीला चिकटते, आणि तेव्हा ती मात्र अगदी घट्ट बसते!