चाळीस खुर्च्या भरल्या, चाललं कोणीच नाही

सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करताना मला क्षेत्रकामासाठी बडोद्यातलीच एक वस्ती मिळाली, दांडिया बाजारच्या मागची. विषय : लोकांची शारीरिक हालचाल वाढवणे. मी इथलीच, कामाटी बागेत खेळून मोठी झालेली. वाटलं, यात काय अवघड आहे!

पहिल्याच महिन्यात व्याख्यान ठेवलं. चाळीस खुर्च्या, चहा, सेव-खमणी, पडद्यावर हृदयाचं चित्र. सगळ्या खुर्च्या भरल्या, टाळ्याही पडल्या, एका आजोबांनी माझं गोत्र विचारलं. दुसऱ्या दिवशी फिरायला एक माणूस आला नाही.

चूक अशी की पुरावा मी नंतर वाचला. वस्तीभर एकाच वेळी अनेक अंगांनी राबवलेल्या मोहिमांचा कॉक्रेन या आरोग्यावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा 2015 मध्ये अद्ययावत झाला, त्यात 33 अभ्यास होते. अशा मोहिमांनी सगळ्या लोकसंख्येची हालचाल वाढते याला चांगला पुरावा त्यांना सापडला नाही. अमेरिकेतला कम्युनिटी प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स हा तज्ज्ञांचा गट सोबतीची शिफारस करतो : चालण्याचे गट, जोडीदार, एकमेकांना दिलेला शब्द. लिफ्टपाशी 'जिना इकडे' अशी पाटी लावण्याचीही तो शिफारस करतो. पाटी स्वस्त आहे, जरूर लावा. पण आमच्या वस्तीत लिफ्टच नव्हती.

म्हणून आधी मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक ही 16 प्रश्नांची प्रश्नावली बहुतेकांच्या हाती येते. ती काम, ये-जा आणि फावल्या वेळातली हालचाल वेगवेगळी विचारते. एका काकूंना मी पुस्तकी मराठीत विचारलं, "मध्यम तीव्रतेची क्रिया करता का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, मी काही करत नाही." मागे दोरीवर नुकत्याच हाताने पिळलेल्या चार चादरी ठिबकत होत्या. जीपॅकमध्ये घरकामही 'कामा'त धरतात, पण ते समजावून सांगावं लागतं. मग मी प्रश्नच बदलला : "असं काय करता, की करताना गप्पा मारता येतात पण आरती सुरात म्हणता येत नाही?" काकू हसल्या आणि बोटं मोजायला लागल्या. हा बदल मार्गदर्शकांना दाखवून, चार घरी तपासून मगच वापरला. मनाने शब्द फिरवाल तर तुमचे आकडे कुणाच्याच आकड्यांशी जुळणार नाहीत. आणखी एक खाच : जीपॅक सलग किमान 10 मिनिटांची हालचाल विचारते, तर संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत (आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल) ती अट काढून टाकली आहे. तोंडी परीक्षेत मला नेमकं यावरच अडवलं.

गट मी बनवला नाही, तो भिशीतून मिळाला. दर महिन्याला जमणाऱ्या बारा बायका, एकमेकींची सुखदुःखं माहीत असलेल्या. 'व्यायाम' शब्द काढला की कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाच्या सुनेची शिफ्ट असायची. नवरात्रात याच बायका रात्रीचा दीड वाजेपर्यंत गरबा खेळतात, तेव्हा गुडघ्यांचा विषय निघत नाही. "चला, देवळापर्यंत आंटा मारून येऊ" म्हटलं तर सात जणी निघाल्या. दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. एक आली नाही की दुसरी तिच्या दाराशी जायची. माझ्या फोनवरच्या आठवणीच्या मेसेजांपेक्षा ती दारावरची थाप कितीतरी भारी ठरली.

जागेचं मात्र मला उशिरा कळलं. सोपार्क पद्धतीत बागेचे भाग पाडतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवत बसलेले, चालणारे, जोरात हालचाल करणारे असे लोक मोजतात. बायका आणि पुरुष वेगळे, वयोगटही वेगळे. कंटाळवाणं काम आहे, पण वहीत दिसलं ते कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं : आमच्या छोट्या बागेच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात अंधार पडल्यावर बायकांचा रकाना रिकामा. तिथला दिवा बंद होता. अर्ज केला, तो तीन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. त्याने माझ्या गटापेक्षा जास्त चाल केली असेल.

पावसाळ्यात फिरणं बंद पडलं. नवरात्रानंतर मी पुन्हा मोजायला गेले, रोज संध्याकाळी साडेसहाला, दहा दिवस. सगळे आकडे शून्य. खट्टू होऊन काकूंकडे गेले तर त्यांनी चहा टाकत विचारलं, "तू संध्याकाळी कशाला येतेस? आम्ही सकाळी सहालाच जाऊन येतो की, आता नऊ जणी आहोत." अहवालात ते दहा शून्य तसेच ठेवले, आणि खाली वेळ लिहिली.